कुत्र्यांची स्थळं बघणाऱ्या वन्सं

आधीच सांगून टाकते, मला कुत्री आवडत नाहीत. मोठी आवडत नाहीत आणि छोटीही आवडत नाहीत. छोट्यांचा तर विशेष राग, कारण वीतभर जीव आणि तोरा असा की घर त्यांच्याच नावावर आहे. तरीही माझी अकरा वर्षं कोटावरचे कुत्र्यांचे केस झाडण्यात गेली, याला कारण आमच्या वन्सं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं दुकान. छोट्या कुत्र्यांना आंघोळ घालायची, केस कापायचे, नखं काढायची, कान साफ करायचे, हा धंदा. पुढे काच, काचेमागे गिऱ्हाइकांसाठी बाक, मग कमरेइतक्या उंचीवर बसवलेला टब, रबरी चटई घातलेलं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कंगवे. वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली. मोठं कुत्रं त्या घेत नसत. "माझी उंची बघा आणि त्याची बघा," म्हणून दारातूनच परत पाठवत. माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच त्या, पण मनगटं अशी की पैलवानाने हेवा करावा, आणि कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे. आठवड्यातून तीन दुपारी मी तिथे फोन घ्यायला आणि वेळा लिहून ठेवायला बसायची. कुत्र्याला हात लावणार नाही, ही माझी अट होती. वन्संनी ती मान्य केली आणि पहिल्याच दिवशी एक ओला पग माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "जरा धर गं."

पण त्यांचं नाव झालं ते कात्रीमुळे नव्हे. त्या स्थळं जुळवत. कोणाची बदली झाली, कोणाच्या बाळाला केसांचा त्रास सुरू झाला, कोणी म्हातारं माणूस गेलं, की मागे उरलेलं कुत्रं वन्संच्या दुकानात यायचं. आणि ज्याला कुत्रं हवं असेल तोही तिथेच यायचा. मधे बसून वन्सं बघत, की कोणाचं कोणाशी जमेल. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. "दुसऱ्यांची जुळवता जुळवता तुमचं राहून गेलं," असं मी एकदा चेष्टेने म्हटलं, तर म्हणाल्या, "राहून गेलं नाही, मी नाकारलं. बघायला आला आणि माझ्या कुत्रीला पायाने बाजूला सारून खुर्चीवर बसला."

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी माणसाच्या घरी जायचं आणि कोपऱ्यात स्टुलावर तासभर बसायचं. "चहा नको, बिस्कीट नको, माझ्याकडे बघू नका, तुमचं रोजचं चालू द्या." लोक अवघडायचे. पहिली पंधरा मिनिटं घरातले सगळे एकमेकांशी पाहुण्यासारखे वागत. मग कोणाचं तरी भान सुटायचं, कोणी कोणावर खेकसायचं, कोणी मोजे काढून कोपऱ्यात भिरकवायचं, आणि वन्संचे डोळे कामाला लागायचे. निघताना दोनच प्रश्न. राग आला की काय करता? आणि घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं? दुसऱ्या प्रश्नाचं कारण मी विचारलं होतं. "शेवटी जेवतं, तेच कुत्र्याला सांभाळतं," म्हणाल्या. "बाकीचे फक्त लाड करतात."

यात पास झालात तर रिकामा पट्टा मिळायचा. आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, हातात नुसता पट्टा घेऊन रस्त्याने फिरायचं. कुत्रं नाही, फक्त पट्टा. आमच्या भागात असा मोकळा पट्टा घेऊन फिरणारा माणूस दिसला की लोक ओळखत, मावशींचा उमेदवार दिसतोय. पोरं मागून भुंकायची. लाजेपायी निम्मे तिसऱ्या दिवशीच पट्टा आणून टाकत. वन्सं म्हणत, "बरं झालं. पावसात कुत्र्याला नेताना यांना दुप्पट लाज वाटली असती."

शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या, पण वन्संचा अंदाज खरंच चुकत नसे. एक जोडपं चिवावा मागायला आलं, का तर पिशवीत मावतो. "मग पिशवीच घ्या, तिला खायला घालावं लागत नाही," म्हणून बोळवण केली. तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या घरात त्यांनी डॅशहंड दिला नाही. त्याची पाठ लांब, जिने उतरून मणका जातो. एका वाचनालयातल्या बाईंना पॉमेरेनियन हवा होता, दिसायला गोड म्हणून. वन्संनी दुकानातला एक पॉमेरेनियन भुंकत असताना त्यांना फोन लावला आणि रिसीव्हर दहा मिनिटं टेबलावर ठेवून दिला. त्या बाईंकडे पुढे एक म्हातारा पग गेला. तो फक्त घोरतो. आणि लोखंडी दारं जोडणाऱ्या एका दांडग्या वेल्डरला त्यांनी पांढरी, नाजूक माल्टीज दिली, तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. तो माणूस रोज कामावरून आला की साबणाने तीनदा हात धुतो आणि अर्धा तास तिचे केस विंचरतो. मी स्वतः बघितलंय.

वन्संचं स्वतःचं कुत्रं लासा जातीचं. साहेब त्याचं नाव. बाकावर गिऱ्हाईक कितीही असो, उबेतली जागा त्याची. तो आला की माणसं सरकून बसायची, म्हणून साहेब. तपकिरी केसांचा पुंजका, त्यातून एकच डोळा दिसायचा. दुसरा डोळा, डावा, गेला होता. चौदा वर्षं तो आणि वन्सं एका खोलीत राहिले. दुकानात तो उंबऱ्याशी आडवा पडायचा आणि वन्सं दिवसातून शंभर वेळा त्याच्यावरून पाय उचलून जायच्या. त्याला हलवायचं त्यांच्या मनातही यायचं नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं बस चालवली. वेळेचे पक्के. मी भाजी घेताना एक मिनिट जास्त लावलं तर हे पुढच्या चौकात पोचलेले असत. एका सकाळी दाढी करताना हातातून रेझर गळून पडलं आणि हे वाकून ते उचलायला गेले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलातले दिवस मी इथे लिहीत नाही, ते माझे मलाच पुरे आहेत. महिन्याभरात तोंड जागेवर आलं, बोलणं थोडं जड पण परत आलं. हात नि पाय मात्र अर्धवट राहिले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "पाय मेलेला नाही, झोपलाय. रोज रस्त्यावर चालले तर जागा होईल. पण येत्या चार महिन्यांत चालले नाहीत, तर मग तो असाच राहील. मग मला बोलावून उपयोग नाही."

चार महिने. आणि हे खिडकीजवळच्या खुर्चीतून उठायला तयार नाहीत. घरात मी धरून नेलं तर मोरीपर्यंत यायचे. बाहेर? "उद्या." आमच्या दाराला तीनच पायऱ्या, पण त्या ह्यांच्यासाठी डोंगर झाल्या. मला कळत होतं घोडं कुठे पेंड खातंय. ज्याने एकतीस वर्षं अख्खा रस्ता वेळेवर पोचवला, त्याला त्याच रस्त्याने मागे टाकून जावं, हे ह्यांना सोसवत नव्हतं. मी गोड बोलले, रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पहिला महिना असाच गेला. आणि मग मला, कुत्र्यांचा तिटकारा असलेल्या मला, सुचलं की घरात एखादं कुत्रं असतं तर ह्यांना बाहेर पडावंच लागलं असतं.

मी वन्संना म्हटलं, "वन्सं, ह्यांच्यासाठी एखादं स्थळ बघता का?"

वाटलं होतं, त्या घरी येऊन स्टुलावर बसतील, रिकामा पट्टा देतील. पण त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली आणि लगेच म्हणाल्या, "त्याला काय हवं ते मला घरी येऊन बघायला हवं का? मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय." त्याच संध्याकाळी एक दीड वर्षाची टेरियर आमच्या घरी आली. अंगावर काळे-पांढरे ठिपके, शेपूट नुसती थरथरती. नाव ठिणगी, आणि ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं असावं. "हिच्यासमोर कोणी बसून राहूच शकत नाही," वन्सं म्हणाल्या. "लहानपणी हा असाच होता, पायाला चाकं लावल्यासारखा."

पहिले तीन दिवस खरंच जादू झाली. ठिणगी दाराशी नाचायची, हे हसायचे, काठी घेऊन उठायचे, पायऱ्यांपर्यंत यायचे. मी मनातल्या मनात वन्संना दंडवत घातला. चौथ्या दिवशी मी आत कपडे वाळत घालत होते. ह्यांचा उजवा हात पट्टा धरू शकत नव्हता, म्हणून ह्यांनी काय केलं, डाव्या हातातली काठी भिंतीला टेकवली आणि डाव्या हातात पट्टा धरला. समोरून सायकल गेली. ठिणगी सुटली बाणासारखी.

कपाळाला तीन टाके पडले. त्याहून वाईट म्हणजे, समोरच्या दुकानातल्या चौघांनी येऊन ह्यांना उचललं. त्या दिवसापासून हे मोरीपर्यंतसुद्धा दहा वेळा विनवल्याशिवाय उठेनात. खिडकीचा पडदा लावून घेतला. आधीच दुष्काळ, त्यात तेरावा महिना. ठिणगीला वन्संनी त्याच दिवशी नेलं आणि आठवड्यात एका धावपटू मुलीकडे दिली, तिथे ती सुखात आहे. पण वन्सं दोन आठवडे आमच्याकडे फिरकल्या नाहीत. मीही दुकानात गेले नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचं तोंड बघायचं नव्हतं. गावाला शहाणपण वाटणारी बाई, आणि घरच्या माणसाच्या वेळी दिव्याखाली अंधार!

पंधराव्या दिवशी सकाळी दार वाजलं. वन्सं. अंगावर बाहेरचा कोट, हातात काही नाही. भावाकडे न बघता कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि म्हणाल्या, "तासभर बसते. चहा नको. तुमचं चालू द्या."

माझं डोकं तापलेलंच होतं, मी मुद्दाम नेहमीसारखीच वावरले. ह्यांना पाणी दिलं, घोट गिळेपर्यंत पेला घेऊन उभी राहिले. सपाता पायात घातल्या. मोरीकडे नेताना एकेक पाऊल मागे थांबत गेले. शेजारचे काका पेपर द्यायला आले, तेही ह्यांच्या शेजारी दोन मिनिटं उभे राहून म्हणाले, "सावकाश, सावकाश, आम्हाला काही घाई नाही." हे म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." मला म्हणाले, "तू हो पुढे." दिवसभर ह्यांचं हेच एक वाक्य होतं, पण माझ्या कानावरून ते नुसतंच जात राहिलं होतं. त्या दिवशी वन्सं बसल्या होत्या म्हणून मला ऐकू आलं.

निघताना त्यांनी मला दारात गाठलं. "वहिनी, दिवसभरात तो कोणासाठी काय करतो?"

मी विचार केला. "काही नाही. आम्ही करू देत नाही."

त्यांनी मान हलवली. मग कोटाचं बटण लावत म्हणाल्या, "मी ज्याला ठिणगी दिली ना, तो चौदा वर्षांचा पोरगा होता गं. शर्यतीत पहिला यायचा. हा माणूस मी बघितलाच नव्हता. सगळ्या जगाच्या घरी जाऊन बसते, आणि माझ्याच भावाला…" माझा राग तिथेच अर्धा विरघळला. अर्धा ठेवला, लागेल म्हणून.

तो लागलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वन्सं परत आल्या. बरोबर साहेब, साहेबाची चटई, साहेबाचा वाडगा, कंगवा आणि औषधांची पिशवी. साहेब तीन पायऱ्या चढायला एवढा वेळ लावत होता की मी दोनदा दार लोटून घेतलं, वारा येत होता म्हणून. मागचा एक पाय तो टेकवतच नव्हता. मी हात जोडले. "वन्सं, एक लंगडा घरात आहे तो पुरे नाही का? हा दुसरा कशाला?"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. आत खुर्चीत हे जागे होते. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

वन्सं माझ्यावर चिडल्या नाहीत. "हा त्याच्यापेक्षा हळू आहे," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. जुन्या टॉवेलचा एक मऊ पट्टा त्यांनी शिवून आणला होता. तो ह्यांच्या उजव्या मनगटात अडकवला आणि साहेबाची दोरी त्याला बांधली. "डावा हात काठीला. हा ओढणार नाही, ओढायची ताकदच उरलेली नाही त्याच्यात. याला उजव्या बाजूने चालवायचं, म्हणजे त्याचा गेलेला डोळा तुझ्याकडे राहील आणि चांगला रस्त्याकडे. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. चौदा वर्षांत त्याने घरात घाण केलेली नाही. बाहेर नेलं नाहीस तर पोटात कळा येईपर्यंत धरून बसेल, पण करणार नाही. त्याला अब्रू आहे. आणि वहिनीने न्यायचं नाही. ही फार भरभर चालते."

"आणि तू?" ह्यांनी विचारलं.

"मी तीस दिवस येणार नाही. तुम्हीही याला माझ्याकडे आणायचं नाही." हा त्यांचा सगळ्यांनाच लावलेला नियम होता. आधीचा माणूस दिसत राहिला की कुत्र्याचा जीव दोन घरांत अडकतो आणि ते कुठलंच होत नाही. मागे एक बाई आठव्या दिवशी समोरच्या फुटपाथवरून आपल्या दिलेल्या कुत्र्याला चोरून बघत होती, तिला वन्संनी भर रस्त्यात झापलं होतं. आता त्या खाली वाकल्या, साहेबाच्या डोळ्यावरचे केस बाजूला केले, त्याच्या कानात काहीतरी म्हणाल्या, आणि मागे न बघता गेल्या. कोटाची पाठ केसांनी भरली होती, ती झाडून द्यायची माझ्याकडून राहिली.

त्या गेल्यावर मी औषधांची पिशवी उघडली. आत प्राण्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. हृदय मोठं झालंय, गोळी दोन वेळा, जपून ठेवावं, थंडी निघाली तर नशीब समजावं. थंडी सुरू व्हायला दीड महिना होता. म्हणजे वन्संकडे साहेबासोबतचे जे मोजके दिवस उरले होते, त्यातले तीस त्यांनी कापून आम्हाला दिले होते, आणि उरलेलेही आमच्याच घरात जाणार होते. मी चिठ्ठी घडी करून ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. ह्यांना काही सांगितलं नाही.

सात वाजले. साहेब उठला, दाराशी गेला आणि उभा राहिला. भुंकला नाही, खरडलं नाही, नुसता दाराकडे तोंड करून उभा. साडेसात झाले.

"अगं, याला ने ना," हे म्हणाले.

"मला मनाई आहे."

पावणेआठला साहेबाचे मागचे पाय थरथरायला लागले. तरी तो हलला नाही. ह्यांनी खुर्चीत दोनदा जागा बदलली. "अगं, त्याला लागलीय."

"असेल," मी म्हटलं आणि कपबशा धुवायला घेतल्या. पाठीमागे खुर्ची करकरली, काठी आपटली, ह्यांनी मला आणि वन्संना एकेक शिवी दिली. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर धरायला धावले असते.

त्या दिवशी दिव्याच्या पहिल्या खांबापर्यंत जाऊन यायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. पायऱ्यांवर तर दोघं एकमेकांकडे बघत उभे होते, तू आधी की मी आधी. परत आले तेव्हा हे घामाने भिजले होते. खुर्चीत बसायच्या आधी म्हणाले, "त्याला पाणी दे. दमलाय."

मग रोज. मी पडद्याआडून बघायची. साहेब काही पावलं टाकायचा आणि थांबायचा. कधी हुंगायला, कधी नुसताच, धाप लागून. तो थांबला की हेही थांबायचे, काठीवर भार देऊन, आभाळाकडे बघत, जणू काही आपणच ठरवून थांबलोय. लोक शेजारून जायचे, काही बोलायचे, हे उत्तर द्यायचे. काय ते मला काचेतून ऐकू यायचं नाही. पण ह्यांची मान खाली नव्हती, एवढं दिसायचं. पाचव्या दिवशी दुसरा खांब झाला. अकराव्या दिवशी कोपऱ्यावरचं पोस्ट. व्यायामाच्या बाईंनी पाय दाबून बघितला आणि मला विचारलं, "काय केलंत?" मी म्हटलं, "आम्ही नाही केलं, साहेबांनी केलं." त्यांना वाटलं मी त्यांच्या मोठ्या डॉक्टरांबद्दल बोलतेय.

वन्संचा फोन रोज संध्याकाळी यायचा. "खाल्लं का?" "हो." "दोघांनी?" "दोघांनी." आणि फोन बंद. मी दुकानात परत जायला लागले होते. तिथे वन्सं नेहमीसारख्या कामात असायच्या, गिऱ्हाइकांवर डाफरायच्या, पण उंबऱ्याशी आल्या की पाय उचलून टाकायच्या. तिथे कोणी नसायचं. बाराव्या दिवशी फोनवर त्या जरा जास्त बोलल्या. "खोलीत नखांचा आवाज नाही गं. झोपच येत नाही." मी म्हटलं, "वन्सं, नियम गेला खड्ड्यात, या बघायला." तर चिडल्या. "दुसऱ्यांसाठी नियम आणि मला सूट? मागच्या वेळी सूट घेतली तेव्हा त्याचं कपाळ फुटलं."

तेविसावा दिवस होता. दुपारची वेळ. मी टेबलाशी वेळा लिहीत होते, वन्संचे दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात, टबमध्ये एक गुबगुबीत पॉमेरेनियन. मी सहज काचेतून बाहेर बघितलं आणि माझं पेन थांबलं. गल्लीच्या तोंडाशी काठी दिसली. मग हे. मग उजव्या बाजूला जमिनीलगत तो तपकिरी पुंजका.

"वन्सं," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. क्षणभर चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता धावत सुटणार. पण दुसऱ्या क्षणी त्या टबामागे फतकल मारून बसल्या. "अजून सात दिवस आहेत! मी नाही म्हणून सांग!" पॉमेरेनियन साबणासकट टबात उभा राहून खाली वाकून त्यांच्याकडे बघायला लागला.

"अहो, पण…"

"सांग, बाहेर गेलीय. कुठवर आले?"

"शिंप्याच्या दुकानापाशी."

जरा वेळाने, "आता?"

"शिंप्याच्याच. साहेब थांबलाय."

"पडणार नाही ना गं? पायरी तुटकी आहे तिथली."

"ह्यांनी बघितलीय. साहेबाला तिच्यावरून वळवून आणतायत."

"वळवून आणतोय? तो?" टबामागून नाक ओढल्याचा आवाज आला. गल्लीच्या तोंडापासून दुकानापर्यंत माणसाची साठ पावलं. त्या साठ पावलांना तेरा मिनिटं लागली आणि त्या तेरा मिनिटांत मी जागची हलले नाही. दारातून एक बाई आत यायला बघत होती, तिला मी हाताने थोपवलं.

दार उघडून हे आत आले. साहेबाने नाक वर केलं. दोरी लांब होती; मी काही सांगायच्या आत तो उंबऱ्यावरून टबामागे गेला आणि त्याने वन्संचा कोपर फेसासकट चाटायला सुरुवात केली. शेपूट हलत होती, अंग हलत होतं. वन्संनी दोन्ही हात वर धरले होते, त्याला लावत नव्हत्या. डोळे घट्ट मिटलेले. आणि मग साहेब वळला. जसा हळूहळू गेला तसाच हळूहळू परत आला, ह्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि त्या अधू पायाला अंग टेकवून श्वास घ्यायला लागला.

वन्संनी डोळे उघडून ते बघितलं. त्यांच्या ओठांची जी हालचाल झाली ती हसण्याची होती की रडण्याची, मला सांगता येणार नाही; मला वाटतं दोन्हीची. टबाला धरून त्या उठल्या. भावाच्या उजव्या हाताकडे त्यांची नजर गेली, माझीही तेव्हाच गेली. टॉवेलचा पट्टा मनगटात नव्हता. दोरी मुठीत होती. चार बोटं वाकडी का होईना, मिटलेली होती.

"केव्हा निघालास?" वन्संनी विचारलं. आवाज रोजच्यासारखा कडक ठेवायचा प्रयत्न होता.

"दोनला."

भिंतीवर साडेतीन वाजत आले होते. पूर्वी हे त्या अंतराला पाच मिनिटं लावत.

"दमलास?"

"मी? छे." ह्यांनी साहेबाकडे बघितलं आणि आवाज जरा खाली केला, जणू त्याने ऐकू नये. "याच्यामुळे उशीर होतो, ताई. म्हातारा झालाय बिचारा, चालवत नाही त्याला. लोक मला म्हणतात, तुम्ही व्हा पुढे. असं कसं पुढे होणार? मी थांबतो."